आधी मालक गाडीखाली

काकांच्या शेडमध्ये दोन वास असत. एक डिझेलचा, दुसरा अंगाला लावायच्या पावडरीचा. झाशीजवळ बिजौलीतल्या छोट्या कारखान्यांच्या रांगेत वेल्डिंग आणि रंगाखेरीज कशाचा वास येत नाही, तिथं हा मोगरा कुठून आला, असं पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला वाटे. कोणी विचारलंच तर ते म्हणत, "लावतो की तोंडाला. चांगलं दिसायला." त्यांचं तोंड जुन्या तांब्याच्या घंगाळासारखं होतं, त्यामुळे विचारणारा गप्प बसे.

गाड्या दुरुस्त करणारा माणूस, आणि अंगात पांढरा, इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मनगटापर्यंत बटणं लावलेली. एकदा मी म्हटलं, "काका, काळं-निळं काहीतरी घाला ना."

"का? तेल लागलं तर कळाय नको?"

संध्याकाळी शेड बंद करण्याआधी ते दारात उभे राहून दोन्ही बाह्या उजेडात धरत. बहुतेक दिवशी काही सापडत नसे. एखादा डाग सापडलाच तर तो कुठल्या गाडीचा, हे आठवेपर्यंत कुलूप लागत नसे.

ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सगळी नोकरी केली, शेवटची पोस्टिंग इथं जवळच, बबीनाला. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी न जाता झाशीतच राहिले. का राहिलात, असं विचारलं की म्हणत, "गावाकडं गेलो की सगळी बस म्हणत्यात. चहा घे, बस. जेव, बस. कुणी गाडी दाखवत न्हाई."

माणसांची नावं ते लक्षात ठेवत नसत. ठेवायची नाहीत असं ठरवलेलंच असावं. गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे, तेच त्या माणसाचं नाव. एक दूधवाले होते ते ‘बावीस-चाळीस’. सिविल लाइंसमधले दातांचे डॉक्टर ‘नव्वद-नव्वद’. मी ‘सत्तर-अकरा’. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तर माझं नाव वाचून म्हणाले, "ही कोण?" मी म्हटलं, "सत्तर-अकरा." "असं होय," म्हणाले आणि लग्नाला आले. त्याच शर्टात.

मी कोण, तेही सांगून टाकते. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि गुरसरायच्या जहागिरीत शिपाई म्हणून राहिले. जहागीर गेली, शिपाई उरले. त्यानंतर आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले. पहिली. ही गोष्ट मी सांगते, लपवत नाही. पदवी बाहेरच्या खोलीत, देवांच्या फोटोंच्या रांगेत चौकटीत लावलेली आहे. वडिलांची पिकअप होती. बिजौलीतून लोखंडी दरवाजे, पाइप, रंगाचे डबे भरायचे आणि गुरसरायपर्यंत पोचवायचे. वडिलांचे गुडघे गेल्यावर हा धंदा मी हातात घेतला.

माझं शिक्षण सगळं हिंदीत. मराठी घरातली, तीही जुनी आणि हिंदीत भिजलेली. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "काका, मला लगतं की गाडीत खराबी आहे." ते म्हणाले, "तुझं मराठी म्हंजे साजूक तुपात रिफाइंड."

"आम्ही अडीचशे वर्षांपासून इथं आहोत," मी म्हटलं. "तुम्ही काल आलात."

हे त्यांना आवडलं असावं. कारण त्यांनी स्टूल पुसलं. ‘बस’ मात्र म्हटलं नाही.

त्यांचा एक नियम होता आणि तो सगळ्या झाशीला माहीत होता. गाडीखाली आधी मालक जाणार. मालक स्वतः गेल्याशिवाय काका पान्याला हात लावत नसत. हाताखाली माणूस ठेवलेला नव्हता. ज्याची गाडी तोच त्या दिवसापुरता मदतनीस. डॉक्टर नव्वद-नव्वद यांनी एकदा नुसताच ड्रायव्हर पाठवला, तर गाडी तशीच परत गेली, वर निरोप: "जिसकी गाड़ी, उसकी पीठ." दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आले, कोट काढला आणि पाठीवर झोपले. कँटोन्मेंटमधले एक मेजरसाहेबही झोपलेले मी पाहिले आहेत. त्यांना तर काकांनी आधी कडक सलाम ठोकला आणि मग म्हटलं, "साहब, नीचे."

कोणी मोबाइलवर गळतीचा फोटो दाखवला की ते मान फिरवत. "फोटोला वास येतो का?" फोन त्यांना एकूणच आवडत नसे. त्यांच्या बायकोचा आला तरी कानापासून वीतभर लांब धरून बोलत, जणू तो गळतो आहे.

त्यांचं खरं दप्तर म्हणजे पुठ्ठे. शेडमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवला जाई. त्यावर जे ठिपके पडत ते बघून, बोटानं चोळून, हुंगून ते सांगत: काळं असेल तर इंजिनचं, उग्र वास असेल तर गिअरचं, हिरवं पाणी असेल तर रेडिएटरचं. मग पुठ्ठ्यावर खडूनं गाडीचा नंबर टाकून तो भिंतीशी उभा करून ठेवत. डॉक्टरकडे एक्स-रे असतात तसे. बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवून चहावरच्या थरथरीवरून इंजिनाची बैठक सैल झाली की नाही, तेही सांगत. नंतर तोच चहा पीत.

आमच्या गाडीखाली तेल पडायला लागलं ते दसऱ्यानंतर, दिवाळीच्या तोंडावर. आधी दाराशी रुपयाएवढा डाग, मग बशीएवढा, मग ताटाएवढा.

गाडी रामसेवक भैया चालवत. अकरा वर्षांपासून वडिलांजवळ. मला शाळेत सोडलेलं, अजून मला ‘बिन्नू’ म्हणणारे. इकडे लाडक्या लेकीला असं म्हणतात. त्यांचं गाव गुरसरायच्या पुढं, कच्च्या रस्त्यावर. हायवेवरच्या एका मिस्त्रीनं न वाकताच सांगितलं, "चेंबर में पत्थर लगा है." चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची तेलाची टाकी. मला लगेच आठवलं की मागच्या महिन्यात माल उतरवून परत येताना भैया मला न विचारता आपल्या गावी जाऊन आले होते. कच्चा रस्ता, दगड, चेंबर. शिवाय एक दिवस लवकर उठले तर दिसलं की ते बॉनेट उघडून डब्यातून तेल ओतताहेत. रोज सकाळी ओतत असणार. म्हणजे लपवत होते. बी.कॉम.ला ऑडिट हा विषय असतो. मला वाटलं, झालं ऑडिट.

"गाड़ी कहाँ ठोकी?" मी विचारलं.

"हमने कऊँ नईं ठोकी, बिन्नू."

"फिर रोज तेल क्यों डालते हो?"

"कम होत, तो डारने परत."

"और मुझे बताया क्यों नहीं?"

"बाबूजी खों बता दई ती."

हे मला जास्त लागलं. गाडी माझ्या हातात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि भैयांसाठी मालक अजून बाबूजीच, म्हणजे माझे वडील. मी म्हटलं, "मिस्त्री को दिखाते हैं. चेंबर ठुका निकला, तो दूसरी गाड़ी देख लेना." पन्नाशी उलटलेल्या ड्रायव्हरला झाशीत दुसरी गाडी कोण देतं, हे मलाही माहीत होतं. तरी म्हटलं. भैयांनी डबा बंद केला, हात पुसले, किल्ली घेतली.

वडील खाटेवरून एवढंच म्हणाले, "त्या हवालदाराकडे ने. दुसरीकडे नको."

त्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा पाहिलं. ते तुपाचं आणि रिफाइंडचं बोलणं झालं ते तेव्हाच. स्टूल पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मालक कोण?"

"मी."

"मग खाली."

"मी? काका, मी बी.कॉम. आहे."

हे वाक्य मी खरंच बोलले. आजही आठवलं की कान गरम होतात.

"बरं झालं," ते म्हणाले. "वाचता येत असंल. खाली लिव्हलंय ते वाच."

भैयांना त्यांनी समोरच्या चहाच्या टपरीवर पाठवलं. "गवाह बाद में." मी ओढणी कमरेला बांधली आणि पुठ्ठ्यावर पाठ टेकली. कारखान्यातली दोन-तीन माणसं बघायला थांबली, तर काका मध्ये आडवे उभे राहिले. "सिनेमा नहीं है. आगे चल." मग माझ्या डोक्याशी उकिडवे बसले.

"काय दिसतंय?"

"चेंबर. ओला आहे. सगळा ओला."

"ठोकलाय?"

मी बॅटरीचा उजेड फिरवला. खरं सांगते, मला पोचा सापडायला हवा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधला.

"नाही दिसत."

"न्हाई दिसत, का न्हाई?"

"नाही."

"मग ओला कशानं?"

मी उजेड परत चेंबरवर धरला.

"जिथं ओलं, तिथं दोष नसतोय. तेल वरनं खाली येतंय, आणि गाडी पळती तसं पुढनं मागं जातंय. मग बघायचं कुठं?"

"वर," मी म्हटलं. "आणि पुढं."

"बी.कॉम. पास."

मग त्यांनी माझ्याकडून ब्रश आणि डिझेलनं सगळा तळ धुऊन घेतला. ते फक्त बोट दाखवत. कोरड्या फडक्यानं पुसून घेतला. आणि मग कपाटातून पावडरीचा डबा काढला. फडक्यात पावडर घेऊन त्यांनी चेंबरवर, इंजिनाच्या अंगावर, पुढच्या पाइपांवर अशी थोपटली, जशी बाळाला थोपटतात. मोगऱ्याचा उलगडा तेव्हा झाला. सगळा काळा तळ पांढरा झाला, त्यांच्या शर्टासारखा. इंजिन चालू करून ठेवलं. बॉनेटवर चहा. पाव तास ते उभेच.

"आता जा."

मी परत खाली गेले. चेंबर पांढरा होता, कोरडा. इंजिनाचं अंग कोरडं. पुढं जाळीच्या मागं तेल थंड करायचा कूलर असतो, म्हणजे तेलासाठीचं छोटं रेडिएटरच. इंजिनातलं तेल एका रबरी पाइपानं तिथं जातं आणि दुसऱ्यानं परत येतं. त्यातल्या खालच्या पाइपावर पांढऱ्यात एक काळी रेघ उमटली होती. मी बघत असतानाच रेघेच्या टोकाशी थेंब फुगला आणि सुटला. रेघ जिथून निघत होती तिथं पाइपाभोवती बारीक तारेचे तीन वेढे होते, जाड बोटात जुनी अंगठी रुतावी तसे रबरात रुतलेले. एका वेढ्यात झेंडूचं वाळलेलं देठ अडकलेलं होतं.

दसऱ्याला इथले लोकही गाडी पुजतात. लिंबू-मिरची बांधतात, काळा गोंडा बांधतात. झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण जाळीवर आडवं लावायचं, ते आमच्याच घरी. वडील ते सुतळीनं बांधत आणि दुसऱ्या दिवशी सोडून विहिरीत टाकत. माझ्याकडे गाडी आली तेव्हा मी सुधारणा केली. सुतळी वाऱ्यानं तुटते, तोरण हायवेवर पडतं, म्हणून मी तार आणली. जाळीच्या फटीतून हात घातला, आत जे पहिलं गोल आणि मजबूत हाताला लागलं त्याला वेढे दिले. तोरण आठ दिवस हललं नाही. सुकल्यावर मी फुलं ओढून काढली. तार राहिली. पुढच्या वर्षी तिथंच नवी तार. इंजिन थरथरे, तार रबर कापे.

काकांनी पक्कड घातली आणि वेढे एकेक करून तोडले. तारेबरोबर रबराचा भुगा निघाला. कसली तार, कोणी बांधली, काही विचारलं नाही. देठासकट सगळं वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

"या पाइपातनं सगळं तेल जोरात फिरतंय," ते म्हणाले. "आज पाझरतंय. हायवेला फुटला असता तर दोन मिनटात इंजिन कोरडं. मग जाम. रोज वरनं तेल कोण घालत होतं?"

"ड्रायव्हर."

"मग इंजिन त्यानं वाचवलंय."

"क्लिप लावून चालेल?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"न्हाई. पाइप बदलायचा. दोन्ही."

"काका, मग चूक..."

"चूक ठरवायची कचेरी हाय, सिविल लाइंसला. इथं गळती सापडती."

शेडपासून टपरी वीस पावलांवर होती. ती वीस पावलं मी एक वाक्य जुळवत गेले, आणि ते चांगलं जुळलं. भैया बाकावरून उठले. मी म्हणाले, "चेंबर ठीक है. पाइप खराब था. पुराना हो गया था."

यात खोटं काहीच नव्हतं.

भैयांनी दोन्ही हात जोडले. "तुमने दिखवा लई, बिन्नू. नईं तौ हमाई को सुनतो."

‘माझं कोण ऐकणार’ म्हणत त्यांनी हात जोडले नसते तर मी बहुधा तेवढ्यावर सुटले असते. मी कागद उघडून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब नेऊन पाहिला.

"जौ तौ दसरे बारो तार आय."

"हाँ. मेरा बाँधा हुआ. इसी ने पाइप काटा है."

"हमने देखो तो जौ."

"कब देखा था?"

"तेल डारत में. कैऊ दफे."

"तो काटकर फेंका क्यों नहीं, भैया?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच काहीतरी भलतं बोलले. "पूजा को तार. तुमाओ बाँधो. कैसें काटते?"

मी म्हटलं, "गलती मेरी है. दूसरी गाड़ीवाली बात मैंने गलत कही." हिंदी निबंधात मला कॉलेजमध्ये बक्षीस मिळालं होतं. त्या दिवशी याच्या पुढं एक शब्द जुळला नाही. भैयांनी कागद परत घडी केला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चाय पी लो, बिन्नू. ठंडी होत."

मागून आवाज आला, "सत्तर-अकरा! चाय बाद में. दूसरा पाइप निकालना है. दोनों आओ."

काकांनी ड्रायव्हरला गाडीखाली बोलावलेलं मी त्या दिवशी पाहिलं, पुन्हा कधी नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी पाठीवर झोपलो. भैया पाना धरत, मी बॅटरी. चार शेड पलीकडे कारखान्यांच्या मशीनचे पाइप तयार करणारा होता, त्याच्याकडून त्याच मापाचे दोन नवे पाइप टोकं दाबून आणले. तांब्याचे वायसर जुने धड होते, तरी काकांनी नवेच घातले. तेल भरलं, इंजिन चालू केलं, तेलाचा लाल दिवा विझला, बंद करून तेल मोजायची पट्टी पुन्हा पाहिली. मग एक कोरा पुठ्ठा मला दिला. दोन दिवस गाडीखाली ठेवून परत आणायचा.

तिसऱ्या दिवशी मी पुठ्ठा नेला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, हुंगला. कोरा. "काय न्हाई," असं ते अशा आवाजात म्हणाले की कोणाला वाटावं, वाईट बातमी आहे.

त्यानंतर आमची गाडी सहा-सात वर्षं त्यांच्याकडेच जात राहिली. कोणाला सांगू नका असं मी कधी म्हटलं नाही, आणि त्यांनी ती तार कोणाला सांगितली नाही. फक्त दसऱ्याच्या आधी काही काम निघालं की ते शेडच्या खुंटीवरची सुतळी काढून माझ्यापुढं ठेवत.

शेवटी शेवटी एका संध्याकाळी कुलूप हातात घेऊन ते दारात उभे होते. बाह्या उजेडात धरल्या होत्या. बराच वेळ तसेच. मग मला म्हणाले, "सत्तर-अकरा, बघ गं. डाग हाय का?"

मी पाहिलं. "तीन आहेत."

"तीन?"

"एक कोपरावर. दोन कफाला."

ते ‘बरं’ म्हणाले. कुठल्या गाडीचे, ते त्या दिवशी आठवत बसले नाहीत. महिन्याभरात त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि काका-काकू दोघांना गावी घेऊन गेला. जाताना पुठ्ठे त्यांनी रद्दीवाल्याला दिले नाहीत. ज्याचा त्याला परत केला. आमचे सात होते. सहावर काही ना काही आहे, एक कोरा.

गेल्या दसऱ्याला अनोळखी नंबरावरून फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"तोरण कशानं बांधलंस?"

"सुतळीनं, काका."

"कशाला?"

"बंपरच्या हुकाला."

"सोडलंस?"

"आज दसरा आहे. उद्या सोडेन."

"उद्या परत फोन लावतो," म्हणाले, आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच वाजला. रामसेवक भैयांनी उचलला, कारण माझे हात रिकामे नव्हते. भैया आता सकाळी लवकरचे तेवढेच फेरे करतात, चष्मा लावून.

"बिन्नू तौ गाड़ी तरें हैं, साब," ते म्हणाले.

सुतळी सोडता सोडता गाडीखाली मला पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू आला. फोन वीतभर लांब धरून बोलणारा माणूस ओरडूनच बोलतो.

"तो रहने दो," ते म्हणाले, आणि ठेवून दिला.